आईचं गाव बघून काहीच वाटलं नाही तर?

आईवडिलांचा मुलूख पहिल्यांदा बघायला निघालेले लोक हा प्रश्न विचारताना जरा लाजतात. तिकीट काढून झालेलं असतं, घरच्यांचा उत्साह उतू जात असतो, आणि ‘मला तिकडे परकंच वाटेल’ ही भीती कोणापुढे बोलायची सोय नसते. कॅनडात वाढलेला सांगलीकराचा मुलगा असो की मॉरिशसहून आलेली मराठी घरातली मुलगी, धास्ती एकच.

मागे माझ्याकडे समुपदेशनासाठी एक चाळिशीची बाई आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला तिची हरकत नाही.) जन्म आणि शिक्षण इस्रायलमध्ये, अश्दोदला. कंपनीच्या कामासाठी काही आठवडे पुण्यात. आई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी (ज्यू) समाजातली, रेवदंड्याकडच्या एका गावातली. घरचा तेलाचा घाणा. शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणात या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. 1948 साली इस्रायल झालं आणि पुढच्या काही दशकांत समाजातले बरेचसे लोक तिकडे गेले. हिची आई साठच्या दशकात, ऐन पंधरा-सोळाव्या वर्षी गेली. आता गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपत नाही, म्हणून तिने लेकीला यादी दिली होती: घर, विहीर, घाण्याची जागा, अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ), नवगावची जुनी दफनभूमी, सागावचा एलियाहू हनाबी या प्रेषिताचा खडक. आणि घराच्या उंबऱ्यावरून व्हिडिओ कॉल.

“आई म्हणते, तिथे पाय ठेवलास की तुला रडू येईल. मॅडम, मला नाही आलं तर?”

मराठी ती आईकडूनच शिकलेली, त्यामुळे ‘न्याहारी’, ‘पडवी’ असे शब्द तिच्या तोंडी सहज येत. माझ्या पुण्यातल्या भाच्यांना ते समजावून सांगावे लागतील.

दोनतीन भेटींनंतर खरी गोष्ट निघाली. शाळेच्या फाटकापाशी आई मराठीत हाक मारायची. मुलं ‘इंडियन’ म्हणून चिडवायची. एक दिवस हिने आईला सांगितलं, तू आत येत जाऊ नकोस. आई त्यानंतर कोपऱ्यावरच थांबायची. याबद्दल दोघी आजवर एक अक्षर बोललेल्या नाहीत. मग उंबऱ्यावर रडू न येणं म्हणजे तिच्या लेखी आईला दुसऱ्यांदा कोपऱ्यावर उभं करणं होतं. मी विचारलं, “तुम्ही आईसाठी जाताय की आईच्या जागी?” ती बराच वेळ काही बोलली नाही.

आईची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्या देशाची ओढ घेऊन ही मंडळी गेली, तिथल्या मुख्य धर्मपीठाने 1961च्या सुमारास यांच्या लग्नांबाबत वंशाच्या चौकशीची अट घातली. धरणं धरावं लागलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं सरकारने जाहीर केलं. नव्या घरात कोणी कुळ विचारत असेल तर मागे राहिलेलं घर सोन्याचं होणारच. त्या सोन्याच्या घराची आठवण आईची. लेकीला ती उसनी आणता येत नाही, आणि आणायची गरजही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

यादी छाटा, असं मी सांगितलं. पहिल्या दिवशी व्हिडिओ कॉल नको, फोटो संध्याकाळी पाठवा. आणि आईकडून एक साधं काम मागून घ्या, पत्ता शोधायचा, कोणाला निरोप द्यायचा, असं काही. काम असलं की ‘मला आता काय वाटतंय’ ही सततची तपासणी जरा थांबते. आईने शेजारच्या मैत्रिणीला भेटून ये म्हणून सांगितलं.

घर नव्हतंच. तिथे कोणा मुंबईकराचा बंगला आणि वॉचमन. तिला काहीही वाटलं नाही. अलिबागला परत येऊन ती पोटभर जेवली आणि गाढ झोपली, हे तिने मला गुन्हा कबूल केल्यासारखं सांगितलं. मला ते उत्तम लक्षण वाटलं.

वाटलं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि तेही राग. मैत्रीण भेटली. ती म्हणाली, “तुझ्या आजोबाला कर्ज झालं होतं गं. गिरणीचं तेल आलं, घाण्याला कोण विचारतो?” आईने तर जन्मभर सांगितलं होतं की आम्ही देवाच्या भूमीसाठी गेलो. परतल्यावर हिचा प्रश्न होता, आता आईला जाब विचारू का?

मी म्हटलं, जाब नको, पण विचारा नक्की. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. आधी मैत्रिणीचा निरोप सांगा, मग शाळेच्या फाटकाचं बोला, आणि कर्ज सगळ्यात शेवटी.

तिने क्रम पाळला नाही. फोन लागताच कर्जाचंच विचारलं. आई फणकारली, “होतं कर्ज. पण पै न पै फेडून गेलो, हे सांगितलं का तिने?”

ते तिने सांगितलं नव्हतं. फाटकाचा विषय दोन दिवसांनी आईनेच काढला.