मायक्रोआरएनए : कर्करोगाचे कारण की खूण?

प्रश्न : मोठ्या आतड्याच्या कर्करोगात काही मायक्रोआरएनए वाढतात आणि काही घटतात, असे वाचनात आले. हे बदल रोग वाढवतात, की रोगामुळे होतात? त्यांच्या तपासणीचा रुग्णाला आज उपयोग होतो का?

उत्तर : दोन्ही घडते, आणि कोणता बदल कशात मोडतो हे ठरवणे हेच या संशोधनातील सर्वांत अवघड काम आहे. मायक्रोआरएनए हा पेशीतील आरएनए या रेणूचा सुमारे 22 न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे साखळीतील दुव्यांचा, छोटा तुकडा असतो. तो स्वतः प्रथिन घडवत नाही, तर जुळणाऱ्या संदेशवाहक आरएनएला (जनुकातील प्रथिनाची माहिती वाहून नेणाऱ्या आरएनएला) चिकटून त्यापासून प्रथिन तयार होण्यास आळा घालतो. मायक्रोआरएनए-21 वाढला की पेशींच्या वाढीला लगाम घालणारी पीडीसीडी4 आणि पीटेन ही प्रथिने कमी होतात व गाठीला बळ मिळते. याउलट मायक्रोआरएनए-200 गटातील तुकडे पेशींमधील जोड सैल करणाऱ्या झेब1 आणि झेब2 या प्रथिनांना दाबून आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवतात. ते घटले की पेशी सुट्या होऊन शेजारच्या ऊतींत शिरू शकतात.

मात्र मायक्रोआरएनए-143 आणि 145 यांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. गाठींमध्ये ते घटलेले असतात, हे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले आणि अस्तराच्या पेशींनी आपले रक्षक गमावले, असा अर्थ पुढे बराच काळ लावला गेला. 2014 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले, की हे दोन्ही मुळात अस्तरात नव्हे, तर त्याखालील स्नायू व संयोजी ऊतींच्या पेशींत असतात. गाठीच्या नमुन्यात अस्तराच्या पेशींचे प्रमाण जास्त असल्यामुळेही ते घटल्यासारखे दिसू शकतात. म्हणून असा आकडा वाचताना तो कोणत्या पेशींचा आहे, हे आधी पाहावे.

रक्तातून किंवा विष्ठेतून मायक्रोआरएनए मोजता येतात. परंतु नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी काहींची पातळी वाढते, आणि लक्षणे नसलेल्या लोकांत रोग शोधण्यासाठी केल्या जाणाऱ्या नेहमीच्या चाळणी तपासणीत त्यांना अद्याप स्थान नाही. उपचारांबाबतही घाई नको : मायक्रोआरएनए-34 ची नक्कल करणाऱ्या औषधाची निरनिराळ्या कर्करोगांच्या रुग्णांवरील चाचणी प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे 2016 मध्ये थांबवावी लागली. विष्ठेतून रक्त जात असेल किंवा शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल झाला असेल, तर या नव्या चाचण्यांची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे आणि त्यांनी सुचवल्यास कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी) करून घ्यावी.