पॉलिहाऊसमधील जरबेऱ्याच्या पानांवर पिवळे चट्टे

प्रश्न : आमच्या पॉलिहाऊसमधील जरबेरा फुलावर असून कोवळ्या पानांवर पिवळे चट्टे पडत आहेत. ठिबकमधून फेरस सल्फेट (लोहयुक्त खत) दिले, तरी फरक नाही. हा रोग आहे काय? (एक शेतकरी, लातूर जिल्हा)

उत्तर : शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल आणि तोही कोवळ्या पानांवर, तर हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे, मॅग्नेशियम कमी पडले असते, तर पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असता. मराठवाड्यात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी बायकार्बोनेटयुक्त असते, त्यामुळे वाफ्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) हळूहळू चढतो आणि दिलेले फेरस सल्फेट मुळांना मिळण्याआधीच अविद्राव्य होते. जरबेऱ्याला सामू ५.५ ते ६.५ लागतो. म्हणून आधी पाणी व माती तपासून घ्यावी, अहवालानुसार पाण्याची आम्लता जुळवावी आणि तोवर चढ्या सामूतही टिकणारे ईडीडीएचए चिलेटेड लोह (ईडीडीएचए या सेंद्रिय रेणूत बांधलेले, त्यामुळे विद्राव्य राहणारे लोह) द्यावे. आधीच पिवळी पडलेली पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही. फरक पडला का, हे नव्या पानांवरून पाहावे.

मात्र पान उलटून भिंगातून अवश्य पाहावे. बारीक जाळी आणि सरकणारे ठिपके दिसले, तर ती लाल कोळी ही कीड आहे व त्यावर खताचा उपाय चालणार नाही.