भाजीच्या कुंडीतलीच फुलं खा

पुण्यात पूर्वेची गॅलरी, तिथे अकरापर्यंत ऊन, शिवाय गच्चीचा एक कोपरा. दसऱ्यानंतर त्यात भाज्या, चहा-आमटीत घालायची पानं आणि खाता येणारी फुलं असं सगळं लावायचं आहे, असं तुम्ही विचारलंय. वेळ अगदी योग्य निवडली आहे.

आधी फुलांचं सांगतो, कारण नवीन माणसाचे सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. माझं ठाम मत आहे की पहिल्या वर्षी खाण्यासाठी वेगळी फुलझाडं आणूच नयेत. मुळा पेरा आणि चार-पाच मुळे न उपटता तसेच राहू द्या. त्यांना पांढरी-जांभळट फुलं येतात. मुळ्याचाच तिखटपणा, पण हलका. कोशिंबिरीवर घालून बघा. जी फुलं खुडणार नाही त्यांच्या डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, होतील, आणि कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कोथिंबीर फुलावर आली की लोक उपटून टाकतात. टाकू नका! ती बारीक पांढरी फुलं दह्यात सुरेख लागतात, मधमाश्या येतात आणि मागून हिरवे धने मिळतात. मोहरीची पिवळी फुलंही अशीच खाता येतात. एकच वेल हवा असेल तर गोकर्ण लावा. बी रात्रभर भिजवून पेरा. निळ्या फुलांचा काढा लिंबू पिळताच जांभळा होतो, मुलं खूश होतात. मात्र गोकर्णाच्या शेंगा आणि बिया खायच्या नाहीत.

दोन गोष्टी अजिबात करू नका. टोमॅटो, वांगी, मिरची यांची फुलं खाऊ नका. त्या कुळातल्या झाडांच्या हिरव्या भागांत आणि फुलांत त्रासदायक द्रव्यं असतात. आणि नर्सरीतून फुललेलं रोप आणून त्याची फुलं लगेच ताटात घेऊ नका, त्यावर काय फवारलंय ते आपल्याला कळत नाही. कण्हेर, धोतरा तर विषारीच. घरात लहान मूल असेल तर खाण्याच्या कुंड्यांजवळ ती झाडं नकोतच.

आता उन्हाची वाटणी. गॅलरीतल्या तीन-चार तासांच्या उन्हात पालेभाज्या मजेत येतात: मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना. सहा इंच खोलीचा पसरट ट्रे पुरतो. धने अख्खे पेरू नका, चपलेखाली किंवा लाटण्याने रगडून दोन फाका करा; तरीही उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर माती ओलसर ठेवायची. पुदिन्याला स्वतंत्र कुंडी द्या, तो शेजाऱ्याला जगू देत नाही. गवती चहा आणि पानओवाही गॅलरीत चालतील. मुळा, मोहरी, गोकर्ण, टोमॅटो, वांगी, मिरची मात्र गच्चीवर. त्यांना निदान सहा तास ऊन हवं. टोमॅटो-वांग्याला कुंडी बारा इंच खोल. गॅलरीत टोमॅटो उंच वाढेल, पण फळं मोजकीच धरतील.

माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घ्या. पाणी ठरलेल्या वेळी नको. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच द्या. थंडीत मोहरी-मुळ्यावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, हमखास येतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण घोळून संध्याकाळी फवारा, पण फुलं खुडायची असतील त्या झाडांवर नको.

जानेवारीअखेरीस थंडी ओसरली की गच्चीवर लाल भोपळ्याच्या दोन बिया लावा, मोठ्या पोत्यात. नर फूल सडपातळ, लांब देठावर येतं. मादी फुलाखाली इवलासा भोपळा दिसतो. सकाळी लवकर एक नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावा आणि बाकीच्या नर फुलांची बेसनात भजी करा.