वाचक विचारतात : नायजेरियाचे जनरल गोवॉन

प्रश्न : मागच्या अंकात आफ्रिकेतल्या लष्करी सत्तांबद्दल वाचलं, त्यात नायजेरियाच्या याकुबू गोवॉन यांचं नाव एका ओळीतच उरकलंत. हे पण युगांडाच्या क्रूर हुकूमशहा इदी अमीनसारखेच का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, अजिबात नाही, आणि एका ओळीत उरकायला नकोच होतं. गोवॉन मिशनरी आईवडिलांच्या घरातले, उत्तर नायजेरियात झारियाजवळ वाढलेले, पण तिथल्या बहुसंख्य हौसा मुसलमानांपैकी नाहीत, एका छोट्या जमातीतले ख्रिश्चन. इंग्लंडला सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत ट्रेनिंग झालेलं. 1966 च्या जानेवारीत काही मेजरांनी उठाव करून पंतप्रधान बालेवांना मारलं, मग जनरल इरोन्सी सत्तेवर आले, जुलैत दुसरा उठाव झाला त्यात इरोन्सीही मारले गेले आणि खुर्चीवर बसवायला सगळ्यांना त्यातल्या त्यात चालेल असा माणूस म्हणून गोवॉन पुढे आले. वय 31, लग्नही झालेलं नव्हतं.

तोवर उत्तरेत, मूळच्या पूर्वेकडच्या इग्बो लोकांच्या कत्तली सुरू झाल्या होत्या, हजारोंनी माणसं मेली, लाखो जीव मुठीत धरून पूर्वेकडे पळाली. घानातल्या आबुरीला पूर्व भागाचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांच्याबरोबर बोलणी झाली, ती फिसकटली. 27 मे 1967 ला गोवॉननी देशाची 12 राज्यं केली, त्यामुळे तेलाचा बराचसा भाग इग्बोंच्या हातातून निघून गेला, तीनच दिवसांनी ओजुक्वूंनी पूर्व भाग ‘बायाफ्रा’ नावाने वेगळा देश म्हणून जाहीर केला आणि जुलैत युद्ध पेटलं.

प्रश्न : मग बायाफ्रातल्या त्या उपासमारीने पोट फुगलेल्या मुलांचे फोटो? त्याची जबाबदारी कुणाची? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बायाफ्राची नाकेबंदी गोवॉन सरकारची होती, त्यामुळे जबाबदारी त्यांची आहेच, हे मी गुळमुळीत बोलणार नाही. ओजुक्वूही मदत कुठल्या रस्त्याने यावी यावर अडून बसले हे खरं, पण पोरांच्या तोंडचा घास अडवायची ताकद ज्याच्या हातात जास्त होती त्याचा दोष जास्त. मृतांचे अंदाज 10 लाखांपासून 30 लाखांपर्यंत जातात.

आणि तरी 15 जानेवारी 1970 ला बायाफ्राने शरणागती पत्करली तेव्हा जगाला ज्याची भीती होती ते शिरकाण झालं नाही. ‘ना कुणी विजेता, ना कुणी पराभूत’ हे गोवॉननी नुसतं म्हटलं नाही, बरेच इग्बो अधिकारी सरकारी नोकरीत परत घेतले. 1973 मध्ये पदवीधर तरुणांना वर्षभर परक्या राज्यात सेवेला पाठवायची योजना आणली, ती आजही चालू आहे.

पण पैशाचं काय झालं बघा. बायाफ्रातल्या माणसाच्या बँकेत किती का रक्कम असेना, हातात टेकवले सरसकट 20 पौंड. आणि 1972 मध्ये परदेशी कंपन्यांचे शेअर नायजेरियनांना विकायचा हुकूम निघाला, तेव्हा इग्बोंकडे ते घ्यायला पैसाच नव्हता! माफी दिली पण माणसाला उभं राहू दिलं नाही, ही सल तिथे अजून आहे, आणि माझ्या मते ती अगदी रास्त आहे.

प्रश्न : सत्ता गेली कशी? पुढे काय केलं? – एक वाचक, पुणे

उत्तर : तेलाचा पैसा धो धो आला, भ्रष्टाचारही आला, सिमेंटची इतकी ऑर्डर दिली की लागोस बंदरात जहाजांची रांग लागली. 1976 ला मुलकी सरकार आणतो म्हणाले होते, 1974 मध्ये ते पुढे ढकललं, लोक चिडले. 29 जुलै 1975 ला गोवॉन युगांडात कंपालाला आफ्रिकी देशांच्या परिषदेत असताना रक्त न सांडता उठाव झाला, रेडिओवर घोषणा करणारे कर्नल गार्बा त्यांच्याच गार्ड ब्रिगेडचे प्रमुख. गोवॉननी प्रतिकार केला नाही, इंग्लंडला गेले, वॉरिक विद्यापीठात राज्यशास्त्राला नाव घातलं आणि कँटीनमध्ये पोरांबरोबर ट्रे घेऊन रांगेत उभे राहू लागले. 1976 च्या फसलेल्या उठावात त्यांचं नाव गोवलं, हुद्दा काढून घेतला, 1981 मध्ये माफी मिळाली. पीएचडी केली, मायदेशी परतले आणि नारू (दूषित पाण्यातून होणारा जंतांचा रोग) निर्मूलनासाठी गावोगाव फिरले. 2013 मध्ये नायजेरिया नारूमुक्त जाहीर झाला.