माँटेझुमा शरण का येत नाही: तुलना फक्त आपल्याशी होत नसते

आपण लिहिले आहे की ‘सिव्हिलायझेशन ४’ या संगणकीय खेळाच्या ‘बियाँड द स्वोर्ड’ या विस्तारात संगणक चालवत असलेल्या माँटेझुमा या राजाची निम्मी शहरे घेऊन आणि ताकद दाखवणाऱ्या पॉवर आलेखात त्याच्या दुपटीवर जाऊनही शरणागतीचा, म्हणजे त्याला आपला मांडलिक करण्याचा, पर्याय लाल रंगातच (म्हणजे बंद) राहतो, व त्यावर माउस नेल्यास ‘आमचे आम्ही ठीक आहोत’ अशा अर्थाचे वाक्य दिसते. याच वाक्याने मला एके काळी फार छळले होते. मांडलिक करण्यासाठी लागणारे फ्यूडलिझम हे तंत्रज्ञान आणि खेळ सुरू करतानाचे पर्याय आपण पाहिलेच असतील, असे धरून चालतो.

संगणक स्वतःची ताकद केवळ आपल्या ताकदीशी ताडून पाहत नाही. हयात असलेल्या सर्व संस्कृतींच्या सरासरीशीही ताडतो. त्यामुळे दूरच्या खंडावर दोन-तीन मरतुकडी राज्ये तग धरून असतील, तर सरासरी खाली येते आणि आपण झोडपलेला माँटेझुमाही ‘ठीक’ ठरतो. त्या ताकदीत सैन्याबरोबर लोकसंख्या, तंत्रज्ञान आणि काही इमारतीही धरल्या जातात, म्हणून माझ्या मते आणखी एक शहर घेण्याआधी त्याची मुख्य फौज उघड्यावर गाठून संपवावी.

‘थट्टा करता काय’ या अर्थाचे उत्तर आले, तर अडचण वेगळी असते. तेथे युद्धातील यशाचा हिशेब आडवा येतो: शहर जिंकण्याला साध्या चकमकीपेक्षा बरेच अधिक गुण असतात, आणि त्याने आपल्याविरुद्ध मिळवलेले यशही तोलले जाते. तह केला की हा हिशेब पुसला जातो. दम खाण्यासाठी तह करून पुन्हा चढाई करण्याचा सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

हे सारे मला ज्यांनी सांगायला हवे होते, त्या विक्रेत्याच्या मदतकक्षाने आधी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलायला लावला, मग खेळ पुन्हा बसवायला लावला, त्यानंतर खरेदीची पावती दुसऱ्यांदा मागितली आणि शेवटी प्रश्न न वाचताच तक्रार निकाली काढली. उत्तर होते ते निर्मात्यांनी खुल्या केलेल्या डीएलएलच्या (खेळाचे नियम चालवणाऱ्या फाइलच्या) कोडमध्ये! प्रत्येक नेत्याच्या एक्सएमएल नोंदीत (खेळाच्या माहितीच्या फाइलमधील नोंदीत) मांडलिकत्वासाठी ताकदीचा स्वतंत्र गुणक असतो, हेही तेथूनच उमगले. अर्थात आपण एखादा मॉड (चाहत्यांनी खेळात केलेला बदल) वापरत असाल, तर यातले काहीही बदललेले असू शकते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. फार रेंगाळलात, तर माँटेझुमा तिसऱ्याच बलाढ्य राजाचा मांडलिक होईल आणि त्या राजाशीही आपले युद्ध जुंपेल. शिवाय प्रदेशाच्या बळावर विजय मिळवायचा असेल, तर मांडलिकाची जमीन निम्मीच मोजली जाते. तशा डावात मी शरणागती मागतच नाही, शहरे घेत राहतो.