नात म्हणते, आज्जी मी ब्लॅक आहे

प्रश्न: ताई, माझी मुलगी न्यू जर्सीत असते. जावई ब्लॅक अमेरिकन आहेत, माणूस अगदी सोन्यासारखा. नात 9 वर्षांची. मी तिकडे गेले होते तेव्हा एकदा शाळेतून आली आणि म्हणाली, आज्जी मी ब्लॅक आहे ना? मी म्हटलं, छे गं, तू कुठे एवढी काळी, तू तर आमची इंडियन. तर ती गप्पच झाली, आणि रात्री जावई म्हणाले की प्लीज तिला असं सांगू नका. मुलगीपण त्यांच्याच बाजूने. अर्धी आपली आहे ना ती, मग जे सोपं आहे ते घेऊ दे की तिला! आता दिवाळीत सगळे इकडे येणारेत आणि नातेवाईक काय बोलतील याची धास्ती वेगळीच. – एक आज्जी, नाशिक

उत्तर: काकू, तुम्ही मायेनेच बोललात, पण "एवढी काळी नाहीस" यातून तिने काय उचललं असेल बघा, की काळं असणं वाईट आणि मी थोडक्यात वाचले, आणि बाबा तर काळे आहेत. जावयांना लागलं ते हेच.

मुलांना हे फार लवकर कळतं हो. केनेथ आणि मेमी क्लार्क हे ब्लॅक मानसशास्त्रज्ञ नवरा-बायको, त्यांनी 1940 च्या आसपास 3 ते 7 वर्षांच्या ब्लॅक मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या, सगळ्या सेम, फक्त रंग वेगळा. चांगली कुठली विचारलं तर बहुतेक मुलांनी गोरी दाखवली, आणि शेवटी तुझ्यासारखी कुठली असं विचारल्यावर काही मुलं रडायला लागली, काही खोलीतून पळून गेली. 1954 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शाळांमधली गोऱ्या-काळ्यांची फाळणी रद्द केली तेव्हा निकालात क्लार्कच्या कामाचा दाखला होता. तुमची नात तर आपणहून "मी ब्लॅक आहे" म्हणतेय, म्हणजे आईबाबांनी घरात किती काम केलंय! ते खोडू नका.

आणि सोपं ते घेऊ दे म्हणता, पण तो चॉइस तिच्या हातात नाहीये. तिकडे पिढ्यान् पिढ्या असंच चाललं की रक्तात थोडा जरी ब्लॅक अंश असला तरी तो माणूस ब्लॅक, जनगणनेत एकापेक्षा जास्त वंशांवर टिक करायची सोय झाली ती थेट 2000 साली. दुकानदार किंवा पोलीस तिची आई कुठली हे विचारत बसणार नाही. 2014 मध्ये क्लीव्हलंडच्या पार्कात 12 वर्षांचा तमीर राइस खेळण्यातलं पिस्तूल घेऊन होता, पोलिसांची गाडी आली आणि दोन-तीन सेकंदात त्याला गोळी घातली. म्हणून तिकडचे ब्लॅक आईबाप मुलांना लहानपणीच बसवून सांगतात, पोलिसांसमोर हात कुठे ठेवायचे, बोलायचं कसं. जावई पण सांगतील, तेव्हा "एवढ्याशा पोरीला कशाला घाबरवता" म्हणून मध्ये पडू नका.

कमला हॅरिसची आई श्यामला चेन्नईची, घटस्फोटानंतर मुलींना एकटीने वाढवलं, पण हा देश माझ्या मुलींना ब्लॅक म्हणूनच बघणार हे ओळखून ती त्यांना ब्लॅक चर्चमध्ये, ब्लॅक कल्चरल सेंटरमध्ये पाठवायची, आणि मद्रासला आजी-आजोबांकडेपण न्यायची. दोन्ही. तुमच्या वाट्याला मराठी बाजू आलीय, ती भरभरून द्या, फक्त दुसरी झाकायला ती वापरू नका. फुल्यांनी 1873 मध्ये "गुलामगिरी" अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, हे तिला सांगाच, तिच्या दोन्ही घरांची गोष्ट आहे ती.

अजून एक, टीनएजमध्ये कदाचित ती फक्त ब्लॅक मैत्रिणींतच राहील, तेच कपडे, तेच म्युझिक. विल्यम क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1971 साली ब्लॅक आयडेंटिटी कशी घडते ते टप्प्याटप्प्याने मांडलं त्यात हा टप्पा आहे, पुढे माणूस स्थिरावतो. आपल्याला टाकलं असं मनाला लावून घेऊ नका.

आता केस, कारण आज्ज्यांचा हात आधी तिथेच जातो. कुरळे दाट केस कोरडे विंचरले की तुटतात आणि पोर रडते. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून, भाग पाडून, मोठ्या दातांच्या कंगव्याने खालच्या टोकापासून वर वर यायचं, आणि रात्री सॅटिनची टोपी. जावयांकडून किंवा त्यांच्या आईकडून शिकून घ्या, आणि "केवढं हे जंगल" हे शब्द तिच्यासमोर चुकूनही नकोत.

नातेवाईकांना मात्र दिवाळीच्या आधीच फोन करा, रंगावर एक शब्द नको म्हणून स्पष्ट सांगा. तरी कोणी "बापावर गेली" म्हणून हळहळलंच तर तिथल्या तिथे, तिच्यासमोर, "हो, बाबांसारखीच आहे आणि सुंदर आहे" असं तुम्ही म्हणा, ते तिच्या आईने म्हणण्यापेक्षा तुम्ही म्हणणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण प्रश्न तिने तुम्हाला विचारला होता. आणि सवड काढून जावयांना विचारा की ते 9 वर्षांचे असताना त्यांच्या घरी त्यांना काय काय सांगितलं होतं. नातीला जवळ बसवूनच विचारा.