युद्ध होते, मग मोर्चा का निघत नाही?

प्रश्न : व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अमेरिकेत लाखो लोक रस्त्यावर आले. नंतरच्या युद्धांना तसा टिकाऊ विरोध का झाला नाही? आम्हालाही इथे युद्धविरोधी मोर्चा काढायचा आहे, पण ‘३७(३) (जमाव-मोर्चाबंदी) लागू आहे’ असे सांगतात.
— एक वाचक, परभणी

उत्तर : सर्वांत मोठे कारण सक्तीची लष्करभरती. ती १९७३मध्ये बंद झाली आणि युद्ध बहुतेक घरांच्या उंबऱ्याबाहेर गेले. इराक-अफगाणिस्तानचा खर्च जादा करांऐवजी मुख्यतः कर्जातून भागवला, त्यामुळे खिशालाही लगेच चटका बसला नाही. तरी १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगभर प्रचंड मोर्चे निघाले. मार्चमध्ये इराकवर हल्ला झालाच. ती हताशा आमच्या मते फार खोल गेली. रशियात तर मार्च २०२२च्या कायद्याने लष्कराविषयी ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत कैद आहे. तिथल्या शांततेला संमती समजणे अन्यायाचे आहे.

आता तुमचा मोर्चा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३)चा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीविना १५ दिवसांपुढे चालत नाही. आधी आदेशाची प्रत मागा, तारखा बघा. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या : मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक, जबाबदार माणसांचे फोन. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्याच, आणि नकारही लेखीच मागा. तोंडी नकाराला आव्हान देताना पुराव्यावाचून अडते. नकाराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाता येते, म्हणून अर्ज शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका.